हेलिकॉप्टरचा सरकता दरवाजा, एडी आणि "एवढ्याशासाठी उभं केलं" ही तक्रार

जुहूहँगर

मंडळी, केदारनाथच्या धाग्यावर गेले काही दिवस एकच तक्रार वाचतोय की इंजिन ठणठणीत, हवा स्वच्छ, पायलट तयार आणि तरी "दरवाज्याचं चेकिंग" म्हणून हेलिकॉप्टर उभं केलं, लोकं ताटकळली. तिथे लिहिलं असतं तर तो धागा भरकटला असता म्हणून वेगळा काढतोय. मी एएमई आहे, म्हणजे विमानाच्या देखभालीवर सही करणारा परवानाधारक इंजिनियर, आणि आयुष्याचा बराचसा भाग हेलिकॉप्टरच्या हँगरमध्ये गेलाय, त्यामुळे या दरवाज्यांशी माझं रोजचं नातं आहे. शक्य तेवढं सोप्या भाषेत लिहितो, चुकलं तर जाणकारांनी सांगावं.

आधी दरवाजा म्हणजे काय ते. मारुती ओम्नीचा मागचा दरवाजा डोळ्यासमोर आणा, वर-खाली रेल, त्यात रोलर, हँडल ओढलं की आधी थोडा बाहेर येतो आणि मग मागे सरकतो. तत्त्व तेच, पण इथे तो दरवाजा दोनशे किलोमीटरच्या वेगाने वारा खातो, वर पंख्याचा थरथराट सतत चालू असतो, आणि सगळं वजन इतकं काटकसरीने बनवलेलं असतं की जिथे तुम्हाला जाडजूड बिजागरी हवीशी वाटेल तिथे प्रत्यक्षात अल्युमिनियमची एक छोटी फिटिंग असते. फिटिंग, रोलरची पिन, रेलचा शेवटचा स्टॉपर, यांच्यापैकी एक जरी गेलं तरी दरवाजा हवेत सुटू शकतो. सुटलेला दरवाजा सरळ खाली पडत नाही हो, तो वाऱ्याबरोबर मागे जातो आणि मागे टेल रोटर असतो, वर मेन रोटर असतो.

आता एडी. एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह. एखाद्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष आहे आणि तो त्याच डिझाइनच्या दुसऱ्या मशीनमध्येही असू शकतो किंवा होऊ शकतो असं सरकारी नियामकाला दिसलं की तो हा आदेश काढतो. कुठल्या मॉडेलला, कुठल्या पार्ट नंबरला लागू, किती तासांच्या आत काय तपासायचं, तडा सापडला तर काय करायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे निर्मात्याची सूचना, वेगळं आणि एडी वेगळा, एडी पाळणं सक्तीचं आहे, मुदत संपली आणि काम झालं नसेल तर ते हेलिकॉप्टर कायद्याने उडण्यालायक राहत नाही, मग मालक कोणी का असेना.

सरकत्या दरवाज्याचं खरं उदाहरण द्यायचं तर एअरबसचं ईसी१३०. बी४ आणि टी२ या दोन्ही मॉडेलांवर दरवाज्याला धरणारा जो आधार असतो, त्याला स्टार सपोर्ट म्हणतात, त्याच्या जोडाच्या जागी तडे सापडले. युरोपच्या ईएएसए आणि अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकांनी तपासणी सक्तीची केली, कारण स्पष्ट लिहिलं की आधार गेला तर दरवाजा उड्डाणात निखळेल. हे हेलिकॉप्टर कसं तर पर्यटनासाठी जगभर आवडतं, मागे फेनेस्ट्रॉन म्हणजे आवरणातला टेल रोटर, मोठ्या काचा, बसायला ऐसपैस. आणि दोष निघाला तो प्रवासी रोज हाताने सरकवतात त्या दरवाज्याच्या मुळाशी.

प्रश्न विचारा, जमेल तशी उत्तरं देतो.

पोहेवाली_पुणे

ती तक्रार करणाऱ्यांत मी पण होते म्हणून लिहिते. आई-बाबा दोघं सत्तरीच्या पुढचे, केदारनाथजवळच्या फाटा गावात हेलिपॅडवर थंडीत बसलेले, आणि काउंटरवरचा मुलगा फक्त "टेक्निकल है" म्हणतोय. कोणी नीट सांगितलं असतं की दरवाज्याच्या आधाराला तडा आहे का ते बघतोय तर आम्ही चिडलोच नसतो, उलट बाबा रिटायर्ड रेल्वेवाले आहेत, त्यांनी स्वतःच म्हटलं असतं की बघा निवांत. माझा राग माहिती न देण्यावर आहे. पण तरी विचारते, दरवाज्याचाच प्रश्न असेल तर तो काढून ठेवून उडवता येत नाही का? व्हिडिओत दरवाजे नसलेली हेलिकॉप्टरं दिसतात की.

जुहूहँगर

ताई, न सांगण्याबद्दलचा तुमचा राग अगदी रास्त आहे, त्यावर मला काही बचाव करायचा नाही.

दरवाजा काढून उडवणं काही मॉडेलांना चालतं, पण फ्लाइट मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तरच, आणि त्यात वेगाची मर्यादा कमी केलेली असते. शिवाय आत एकही सुटी वस्तू चालत नाही. केदारनाथला साडेतीन हजार मीटरवर, शालीत गुंडाळलेली वयस्कर माणसं, हातात पिशव्या, गळ्यात मफलर. एक मफलर बाहेर उडाला आणि टेल रोटरमध्ये गेला तरी पुरे आहे. म्हणून प्रवासी शटलला तो पर्याय कोणी शहाणा माणूस घेणार नाही.

न्यूजर्सीचा_नाना

दरवाजे काढून उडवण्यावरून लिहावंसं वाटलं कारण हे आमच्या शेजारच्या शहरात घडलंय. ११ मार्च २०१८, न्यूयॉर्क, ईस्ट रिव्हर. एएस३५० बी२, फोटो काढायला म्हणून दरवाजे उघडे ठेवून प्रवासी पाय बाहेर सोडून बसलेले, पडू नयेत म्हणून नेहमीच्या पट्ट्याशिवाय वेगळी हार्नेस घातलेली आणि ती मागून बांधलेली. एका प्रवाशाच्या हार्नेसची दोरी फ्लोअरवरच्या इंधन बंद करायच्या लिव्हरमध्ये अडकली, लिव्हर ओढली गेली, इंजिन बंद पडलं. पायलटने नदीत उतरवलं, फ्लोट्स म्हणजे तरंगायचे फुगे नीट फुगले नाहीत, हेलिकॉप्टर उलटलं. पायलट वाचला. पाचही प्रवासी आत बांधलेल्या अवस्थेत बुडाले, कारण हार्नेस झटकन सोडता येत नव्हती. त्यानंतर एफएएने अशा झटकन न सुटणाऱ्या हार्नेस लावून दरवाजे उघडे ठेवायच्या पैशाच्या उड्डाणांवर बंदी घातली.

तेव्हा दरवाजा असणं नसणं हे हौसेचं काम नाहीये. मी त्या काळात रोज फेरीने नदी ओलांडून कामावर जायचो, अजूनही वर हेलिकॉप्टर दिसलं की नजर आधी दरवाज्याकडे जाते.

रिगवर_आहे

मी मुंबई हायला ड्युटी करतो, जुहूवरून येणंजाणं हेलिकॉप्टरने, आत्ताही इथूनच टाइप करतोय नेट जेमतेम आहे. आमच्यासाठी दरवाज्याची दुसरी बाजू महत्त्वाची आहे ती कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. दरवाजा सुटू नये हे बरोबर पण पाण्यात पडलो तर तो सुटलाच पाहिजे!! ह्यूएट म्हणजे बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायच्या ट्रेनिंगमध्ये पोहण्याच्या तलावात पिंजऱ्यासारखं कॅप्सूल असतं, त्यात पट्टा बांधून बसवतात आणि पाण्यात सोडून उलटं करतात. नाकात पाणी, डोळ्यांपुढे बुडबुडे, वर कुठे खाली कुठे कळत नाही. म्हणून शिकवतात की एक हात खिडकीच्या नाहीतर दरवाज्याच्या कडेला आधीपासून घट्ट ठेवायचा, फिरणं पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही, मग खिडकी ढकलायची, मग पट्टा सोडायचा, हात कडेवरून सोडायचा नाही. पहिल्या वेळी बरेच जण आधी पट्टा सोडतात आणि मग भरकटतात.

तर माझा प्रश्न. दरवाजा इतका पक्का केला की हवेत निखळणार नाही, तर आपत्कालीन हँडल ओढल्यावर तो निघेल याची तपासणी कोण करतं? दोन्ही एकाच वेळी कसं सांभाळता?

जुहूहँगर

रिगवर_आहे, तुम्ही दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलंत. आमच्या कामातलं खरं अवघड हेच आहे. रोजचं लॉक आणि आपत्कालीन सोडवणूक या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. रोजचं हँडल कडी फिरवतं. जेटिसनचं, म्हणजे आपत्कालीन सोडवणुकीचं हँडल एकतर दरवाज्याच्या पिना ओढून काढतं किंवा खिडकी चौकटीतून मोकळी करतं, मॉडेलप्रमाणे पद्धत बदलते. त्याची फंक्शनल टेस्ट देखभालीच्या वेळापत्रकात असते, म्हणजे खाली दोघंजण दरवाजा धरून उभे राहतात, तिसरा हँडल ओढतो, किती जोर लागला ते बघायचं. समुद्रावरच्या मशीनला खारं पाणी त्या पिनांवर बसतं, स्टीलची पिन अल्युमिनियमच्या भोकात, ओलावा आला की तिथे गंज धरतो आणि पिन चिकटते. म्हणून जुहूला परतल्यावर गोड्या पाण्याने धुणं हा दिवसाचा भाग असतो, हौस म्हणून कोणी धूत नाही. आणि जास्त ग्रीस लावणं हासुद्धा उपाय नाही, ग्रीसमध्ये धूळ आणि वाळू अडकून तिची काळी लगदी होते, ती रोलर खाते.

कायदा_वाचणारा

दोन गोष्टी स्पष्ट करा प्लीज. (अ) अमेरिकेचा किंवा युरोपचा एडी भारतात आपोआप लागू होतो की आपल्या विमान नियामकाने, डीजीसीएने वेगळा काढावा लागतो. (आ) लष्कराच्या हेलिकॉप्टरांचं काय. ध्रुवला पण सरकते दरवाजे आहेत.

जुहूहँगर

(अ) डिझाइन ज्या देशाचं त्या देशाच्या नियामकाचा शब्द मुळात चालतो. एअरबस हेलिकॉप्टर म्हणजे फ्रान्समधलं मारिन्यान किंवा जर्मनीतलं डोनाऊवर्थ, तर ईएएसए, जिचं ऑफिस जर्मनीत कोलोनला आहे. बेल ४०७ हे अमेरिकन नाव असलं तरी बनतं कॅनडात क्युबेकमधल्या मिराबेलला, म्हणून त्याचा मूळ एडी ट्रान्सपोर्ट कॅनडाकडून येतो. डीजीसीएने हे सक्तीचं केलंय, त्यांच्या सीएआर या नियमावलीच्या सेक्शन २ सिरीज एम मध्ये मँडेटरी मॉडिफिकेशनबद्दल लिहिलंय. वरचा कायदा आता भारतीय वायुयान अधिनियम २०२४, जो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, त्याआधी १९३४ चा होता. तेव्हा "परदेशातला कागद आहे, आपल्याला काय" असं इथे कुणालाच म्हणता येत नाही.

(आ) लष्करी विमानं डीजीसीएकडे येत नाहीत. त्यांची उड्डाणयोग्यता बंगळुरूचं सेमिलॅक बघतं, त्यांची पद्धत वेगळी, त्यात मी पडत नाही.

जाता जाता, एडीचं इमर्जन्सी रूप पण असतं. त्यात "पुढच्या उड्डाणाआधी" असं लिहून येतं, मग चर्चा नाही, हरकती मागवणं नाही, जिथे उभं आहे तिथेच तपासायचं. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ चा डोअर प्लग, म्हणजे न लागणाऱ्या दरवाज्याच्या जागी बसवलेलं झाकण, हवेत उडाला, चार बोल्ट बसवलेलेच नव्हते, दुसऱ्याच दिवशी एफएएने १७१ विमानं जमिनीवर ठेवली. ते विमान आहे आणि तो दरवाजा सरकता नव्हता, पण आदेश कसा चालतो ते कळायला चांगलं उदाहरण आहे.

पोहेवाली_पुणे

तपासणी म्हणजे नक्की काय करता ते सांगा ना. बाबांना वाचून दाखवणार आहे.

जुहूहँगर

बाबांना नमस्कार सांगा. रेल्वेवाल्यांना तडा शोधणं शिकवायची गरज नाही, रूळ तपासणारी माणसं ती.

दरवाजा पूर्ण उघडायचा. रेल कापडाने पुसायची, कापडावर काय येतंय ते बघायचं, काळी लगदी असेल तर ती साफ करायची, चकचकीत रुपेरी कण असतील तर धातू झिजतोय. मग दरवाजा दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवायचा, किती खेळ आहे ते हाताला कळतं, पण मोजमाप घेऊनच लिहायचं. प्रत्येक रोलर बोटाने फिरवायचा, खरखर लागली की बेअरिंगमध्ये धूळ गेली असं समजा. मग फिटिंग. बॅटरीचा उजेड आडवा टाकायचा, समोरून टाकला तर तडा दिसत नाही, आडव्या उजेडात त्याची सावली पडते. १० पट भिंगातून बघायचं, पोहोचत नाही तिथे आरसा. एडीत लिहिलं असेल किंवा शंका आली तर डाय पेनेट्रंट, रंग काढून धातू उघडा करायचा, लाल रंगाचं द्रव लावायचं, मुरू द्यायचं, पुसून घ्यायचं, वर पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते आणि बघता बघता जाड होत जाते. पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा मी गप्प झालो होतो, कारण मिनिटापूर्वी तोच भाग मला साफ दिसत होता.

तडा सापडला की तिथेच थांबायचं. वेल्डिंग करून नाही, पट्टी मारून नाही, तड्याच्या टोकाला भोक पाडून नाही, जोपर्यंत निर्मात्याच्या मंजूर सूचनेत तसं लिहिलेलं नाही तोपर्यंत काही नाही. भाग बदलायचा. भाग स्टोअरमध्ये नसेल तर एओजी, म्हणजे हेलिकॉप्टर जमिनीला खिळलं, आणि भाग कधी युरोपातून यायचा असतो. सगळं झालं की लॉग बुकात एडीचा नंबर, त्या वेळचे एकूण तास, काय सापडलं, काय केलं, आणि सही. ती सही माझ्या परवान्यावर असते, कंपनीच्या नाही.

शंकासुर

धागा चांगला आहे पण एक कडवट प्रश्न. सगळं कागदावर झकास आहे. सीझनमध्ये ऑपरेटर दिवसाला ढीगभर फेऱ्या मारतो, प्रत्येक फेरीला पैसे, मशीन उभं ठेवणं म्हणजे तोटा. तुमच्यावर दबाव येत नाही असं छातीवर हात ठेवून सांगाल?

जुहूहँगर

येतो. नाव कुणाचं घेणार नाही, पण एकदा एका बेसवर रोलरची खरखर मी स्नॅग म्हणजे दोष म्हणून नोंदवली आणि "दोन दिवसांनी बघू, संध्याकाळपर्यंत चालव" असं ऐकवलं गेलं. लेखी द्या म्हटलं. लेखी कोणी दिलं नाही, हेलिकॉप्टर उभं राहिलं, आणि माझ्याशी काही आठवडे कोणी धड बोललं नाही. सही करणाऱ्याला असं एकटं पडावं लागू नये असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचंही बघा. एफएए आपल्या प्रत्येक एडीत अंदाजे खर्च मांडतं, मजुरी कित्येक वर्षं ताशी ८५ डॉलर धरत आलंय. दरवाज्याची नुसती तपासणी तास-दोन तासांची असते. महाग असतं ते मशीन उभं राहणं आणि भागाची वाट बघणं. म्हणजे ज्याने रोलर, पिना, फिटिंग सीझनच्या आधी मागवून ठेवले त्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं, आणि ज्याने नाही मागवले त्याचे प्रवासी फाट्याला थंडीत बसतात. पोहेवाली ताईंच्या आईबाबांना जे सोसावं लागलं ते एडीमुळे नाही, नियोजन नसल्यामुळे.

आणि आता जे लिहायला हा धागा काढला ते. एडीतली मुदत बहुतेक वेळा उड्डाणाच्या तासांत असते. दरवाजा मात्र तासांनी झिजत नाही, तो उघडण्या-मिटण्याने झिजतो. रिगवर_आहे यांचं उड्डाण जुहूवरून पाऊण-एक तासाचं, त्यात दरवाजा एकदा इथे एकदा तिथे. फाटा ते केदारनाथ आठ-दहा मिनिटं. म्हणजे एका उड्डाणतासात सहा फेऱ्या, प्रत्येक टोकाला दरवाजा उघडून सहा माणसं उतरणार, सहा चढणार, बऱ्याचदा पंखा फिरत असतानाच, आणि उघडणारा-लावणारा कोण तर घाईत असलेला हेलिपॅडचा पोरगा, जो हँडल फिरवायच्या आधीच दरवाजा दणकन ढकलतो. ढोबळ हिशोब करा, शंभर तासांत समुद्रावरच्या मशीनचा दरवाजा शंभर-सव्वाशे वेळा उघडला असेल तर शटलवाल्याचा सहाशेच्या वर. वर हेलिपॅडची धूळ आणि बारीक खडी रेलमध्ये. कागदावर दोघांचे तास सारखे!

माझं म्हणणं असं की डोंगरातल्या शटलला दरवाज्याचे उघडमिटीचे आकडे लिहून ठेवावेत आणि त्यावर तपासणी लावावी. एडी ही कमीत कमी मर्यादा आहे, त्याहून लवकर तपासायला कुणी अडवलेलं नाही.

टोरांटोकर

मी इथे मेंटेनन्स प्लॅनिंगमध्ये आहे, म्हणून थोडा विरोध. निर्मात्याला हे माहीत नसतं असं नाही. इंटरव्हल ठरवताना ते सगळ्यात वाईट वापर गृहीत धरून त्यावर सेफ्टी फॅक्टर लावतात, शिवाय बरेच एडी तास आणि महिने यातलं जे आधी येईल ते असं लिहितात. तड्याचं कारण नुसती उघडमीट नसतं, उड्डाणातला कंपही असतो, आणि कंप तासांनीच मोजला जातो. ईसी१३० मधला आधार घ्या, तिथे वाऱ्याचा आणि कंपाचा भार सतत आहे, दरवाजा दिवसभर बंद असला तरी. शिवाय उघडमीट मोजणार कोण? हेलिपॅडवर वही घेऊन उभं राहणार का कोणी? खोटे आकडे भरले जातील. खोट्या आकड्यांपेक्षा तास बरे, ते मीटरवर दिसतात.

जुहूहँगर

कंपाचा मुद्दा मान्य, आधारासाठी तास योग्यच आहेत. मी रोलर, पिन, कडी, स्टॉपर यांच्याबद्दल बोलतोय, ते हाताळण्याने जातात. आणि मोजायला वही लागत नाही. लँडिंगची संख्या टेक लॉगमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टरच्या नोंदवहीत, रोज लिहिलीच जाते, शटलमध्ये एक लँडिंग म्हणजे दरवाज्याची एक उघडमीट असं धरलं तर आकडा आयता मिळतो. स्किड म्हणजे चाकांऐवजी दांडे असलेल्या हेलिकॉप्टरचे लँडिंगवर आधारलेले भाग आपण असेच ट्रॅक करतो की नाही? दरवाजा त्याच रकान्यात टाकायचा एवढंच.

टोरांटोकर

लँडिंगवर बांधायची कल्पना चांगली आहे, हे पटलं. पण मग ते ऑपरेटरच्या मंजूर मेंटेनन्स प्रोग्रॅममध्ये लिहून घ्या, तोंडी नको. तोंडी असलं की नवा मॅनेजर आला की पहिलं तेच कापतो. आणि जे सापडेल ते निर्मात्याला कळवा. एडी जन्माला येतो तो अशाच रिपोर्टांतून, कुठल्यातरी हँगरमध्ये कुणीतरी तडा बघून फॉर्म भरला म्हणून. भारतातल्या डोंगरी शटलसारखा वापर जगात फार थोड्या ठिकाणी आहे, तिथून रिपोर्ट गेले नाहीत तर मारिन्यानमध्ये बसलेल्या माणसाला कसं कळणार.

जुहूहँगर

+१००. रिपोर्ट करण्यात आपण कमी पडतो. भाग बदलला, जुना भंगारात टाकला, संपलं. जुना भाग फोटोसकट कळवायला पाहिजे.

शाळामास्तर_सातारा

मी विमानातला नाही, शाळेतला आहे, पण या विषयावरून ओकिनावाची बातमी आठवली ती लिहितो. १३ डिसेंबर २०१७, जपानमधलं गिनोवान शहर, अमेरिकन मरीनचं सीएच-५३ई हेलिकॉप्टर तळाला लागून असलेल्या प्राथमिक शाळेवरून गेलं आणि त्याच्या कॉकपिटची खिडकी चौकटीसकट शाळेच्या मैदानावर पडली. जवळपास ९० बाय ९० सेंटिमीटर, वजन ७.७ किलो. मैदानावर तेव्हा पोरं खेळत होती. एका मुलाला किरकोळ लागलं, त्यावर निभावलं. आपत्कालीन सुटकेची खिडकी होती ती, म्हणजे वर रिगवाल्यांनी विचारलं तेच, सुटायला हवी तेव्हा सुटणारी वस्तू भलत्या वेळी सुटली. बातमी वाचल्यापासून मैदानावर पीटीचा तास चालू असला आणि वरून हेलिकॉप्टर गेलं की मी वर बघतो. आत बसलेल्यांची काळजी इथे सगळ्यांनी केली, खाली उभ्या असलेल्यांची पण मोजा.

जुहूहँगर

सर, अगदी खरं. एडीतल्या कारणांमध्ये "जमिनीवरच्या व्यक्तींना इजा" हे शब्द पुष्कळदा असतात. दरवाज्याच्या बाबतीत तर पहिल्यांदा तेच डोक्यात यायला हवं.

पोहेवाली_पुणे

बाबांनी सगळं ऐकलं, लाल रेघेचं दोनदा वाचायला लावलं. त्यांचा प्रश्न, प्रवाशाने काय बघावं? आम्ही पुढच्या सीझनला परत हेलियात्राच्या, म्हणजे हेलिकॉप्टर तिकिटांच्या साइटवरून बुक करणार आहोत.

जुहूहँगर

बाबांना सांगा, दरवाज्याला स्वतः हात लावायचा नाही, उघडायलाही नाही आणि लावायलाही नाही, स्टाफलाच करू द्यायचं. चढताना दरवाज्याच्या वरच्या कडेला धरून स्वतःला वर ओढायचं नाही, बरेच जण तेच करतात, आतलं हँडल किंवा सीटची चौकट धरायची. पट्ट्याचं टोक, साडीचा पदर, शाल, पिशवीचा बंद दरवाज्यात अडकलेला नाही हे बघायचं, बंद झाल्यावर बाहेर लोंबणारा पट्टा आदळून आदळून बाहेरचा पत्रा खराब करतो आणि पायलटला वाटतं काहीतरी तुटलं. दरवाजा लावल्यावर फट दिसली, उजेड आत येताना दिसला, किंवा उड्डाणात दरवाजा खडखडतोय असं वाटलं तर पायलटला सांगायचं, लाजायचं नाही. हेडसेट नसेल तर पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून बोट दाखवायचं. दरवाजा ओढून धरायचा प्रयत्न अजिबात करायचा नाही. आणि उतरल्यावर हेलिपॅडवरच्या माणसालाही सांगायचं, कारण पायलट गडबडीत लिहायचा राहू शकतो.

रिगवर_आहे

शेवटचं विचारतो मग शिफ्ट आहे. आमच्या दरवाज्याच्या जेटिसन हँडलवर बारीक तांब्याची तार बांधलेली असते. ती तुटलेली दिसली तर काय करायचं? एकदा मला तशी दिसली होती आणि शेजारचा म्हणाला सोड रे, तारच आहे.

जुहूहँगर

बसायच्या आधी सांगायचं, बसल्यावर नाही. ती तार मुद्दामच इतकी बारीक असते की गरज पडली तर हाताने ओढल्यावर तुटावी, आणि ती शाबूत आहे याचा अर्थ हँडल कुणी हलवलेलं नाही. तुटली असेल तर एकतर कुणाची बॅग किंवा लाइफ जॅकेट अडकून हँडल अर्धवट ओढलं गेलंय, किंवा मेंटेनन्सनंतर बांधायची राहिलीये. दोन्हीत पिना पूर्ण बसल्यात का ते इंजिनियरने डोळ्यांनी बघायला लागतं, मग नवी तार, लॉगमध्ये नोंद, सही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. रिगवर इंजिनियर नसेल तर पायलट बेसला विचारून ठरवेल, तो निर्णय त्याचा. तुम्ही फक्त बोट दाखवून "ही तार तुटलीये" एवढं म्हणायचं, शेजारचा काहीही म्हणो. शिफ्ट नीट करा, परत येताना हँडलकडे नजर टाका आणि इथे लिहा.